खांद्याच्या वर

"तुमच्या शाळेत हॉकीच्या स्टिका किती असतील गं?" गुरुदत्तनं विचारलं तेव्हा वृंदा गॅसपाशी पाठमोरी उभी होती आणि तिच्या हातातली सांडशी पातेल्याच्या कडेवरून निसटली. दूध सांडलं नाही, नुसतं हिंदकळलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती. या आठ वर्षांत त्यानं तिला भाजी काय आणू, डोकं चेपून देऊ का, लेकीला, मालिनीला, जुलाब कशानं झाले, असं सगळं विचारलं होतं. माणूस वाईट नव्हता. पण हॉकी हा शब्द त्याच्या तोंडून तिनं आजवर ऐकला नव्हता. ती खेळाच्या तासाला काय करते, संध्याकाळी सहापर्यंत मैदानावर कोणाबरोबर असते, तिच्या नडग्यांवरचे काळे डाग कसले, हे त्यानं कधी विचारलं नाही, आणि तिनं कधी सांगितलं नाही. आता तो टेबलाशी बसून कपातल्या चहाकडे बघत होता. जणू आकडा चहातच कुठेतरी तरंगत होता.

"अठरा," ती म्हणाली. "त्यातल्या एकीला चीर गेलीय. का?"

"कंपनीत स्पोर्ट्स वीक करायचं चाललंय."

"संप चालू असताना?"

"संप आहे म्हणूनच. दीड महिना झाला, माणसं गेटबाहेर ताडपत्रीखाली बसून आंबलीयत. जरा खेळली-बिळली, घाम गाळला, की डोकी ताळ्यावर येतील. तूच म्हणतेस ना, मैदानावर माणूस मोकळा होतो म्हणून?"

असं ती कधी म्हणाली होती हे तिला आठवेना. पण म्हणालीही असेल, कारण तिला तसं वाटत होतं. आपलं एखादं वाक्य या माणसानं इतकी वर्षं कुठेतरी जपून ठेवलं असेल, या विचारानं तिला एकदम बरं वाटलं. पुढे कितीतरी दिवस तिला छळलं ते हेच. स्टिका दिल्या हे नव्हे, त्या देताना आपण खूश होतो, हे. त्या दिवशी ती शाळेत गेली ती जवळजवळ गुणगुणत. मधल्या सुट्टीत तिनं वहीचा एक कागद फाडून त्यावर मैदान आखलं, दोन्हीकडचे अर्धगोल काढले, अकरा जणांच्या जागा मांडल्या, आणि खाली बारीक अक्षरात नियम लिहिले: चेंडूला फक्त सपाट बाजूनं मारायचं, गोल बाजूनं नाही. चेंडू पायानं अडवायचा नाही. स्टिक खांद्याच्या वर न्यायची नाही. कंपनीतल्या माणसांना कोण शिकवणार? जमलं तर आपणच तासभर जाऊ, असंही तिच्या मनात येऊन गेलं. शहाऐंशी सालचा ऑक्टोबर चालू होता. सहामाही परीक्षेमुळे दहा दिवस सराव बंद होता आणि स्टिका जिन्याखालच्या खोलीत, मैदान आखायच्या फक्कीच्या पोत्याशेजारी नुसत्या उभ्या होत्या. खोलीची किल्ली तिच्याच पर्समध्ये असे. हेडमास्तरांना विचारायला हवं होतं. पण दहा दिवसांचा तर प्रश्न, आणि शेवटी या खोलीत तिच्याशिवाय पाऊल कोण टाकत होतं?

खडकीला तिच्या माहेरच्या घरामागे पलटणीचं मैदान होतं. जवान संध्याकाळी खेळायचे आणि कडेला उभ्या राहिलेल्या अकरा वर्षांच्या वृंदाला त्यातल्या एका म्हाताऱ्या सुभेदारानं मोडकी स्टिक कापून, लहान करून दिली होती. तो फार बोलत नसे. पहिले पंधरा दिवस त्यानं तिला चेंडू दिलाच नाही. नुसतं वाकून चालायला लावलं, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, स्टिकचं टोक गवताला टेकवून. हा खाली बघून खेळायचा खेळ आहे बेटी, तो म्हणे. जे काय शहाणपण आहे ते जमिनीपासून वीतभर उंचीत. एकदा तिनं रागानं स्टिक मागे, उंच नेली आणि सगळ्या ताकदीनं चेंडू हाणला. चेंडू सुसाट गेला. तिला वाटलं, शाबासकी मिळणार. सुभेदारानं शिट्टी मारली, जवळ येऊन तिच्या हातातून स्टिक काढून घेतली आणि तिला आठवडाभर खेळू दिलं नाही. "कंधे के ऊपर गयी तो ये हॉकी नहीं रही," एवढंच तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दुसरंच काहीतरी होतं. त्यानं काय काय पाहिलं असेल हे तेव्हा कळण्याचं तिचं वय नव्हतं. पुढे ती उजवी हाफ म्हणून विद्यापीठाकडून खेळली, महाराष्ट्राकडून दोन वर्षं खेळली. लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी शिबिराचं पत्र आलं. मॉस्कोला बायकांची हॉकी पहिल्यांदाच होणार होती. पत्र तिनं गुरुदत्तपुढे ठेवलं. "जायचं तर जा," तो म्हणाला आणि पेपर वाचू लागला. लोक समजायचे, नवऱ्यानं जाऊ दिलं नाही. तसं नव्हतं. त्यानं जा म्हटलं, पण त्याला काही पडलेलीच नव्हती. आणि तिला, का कोण जाणे, कोणीतरी विचारायला हवं होतं: तू कुठे खेळतेस, कशी खेळतेस, भीती वाटते का? कोणी विचारलं नाही. ती गेली नाही.

आणि आता त्यानं विचारलं होतं.

रविवारी सकाळी कंपनीचा म्हणून एक टेम्पो शाळेच्या फाटकाशी आला. गुरुदत्त स्कूटरवर पुढे होता. टेम्पोतून दोघे उतरले. कंपनीचे वाटत नव्हते. अंगात नव्या कोऱ्या जीन्स, उल्हासनगरात कॅम्प तीनच्या गल्ल्यांमधून शिवतात तशा, आणि पायात चपला. वृंदानं खोली उघडली. स्टिका तिनं आदल्या दिवशीच सुतळीनं नऊ-नऊच्या दोन मोळ्या बांधून ठेवल्या होत्या. प्रत्येक स्टिकवर ऑइलपेंटनं आकडा होता, आणि मुठीवर ज्या त्या मुलीनं आपापली खूण केलेली. कोणी नेलपॉलिशचे ठिपके, कोणी रिबीन. अकरा नंबरच्या स्टिकला पिवळी चकचकीत टेप होती. ती अंजनीची. अंजनी दहावीत होती, बदलापूरच्या पुढच्या गावाहून यायची, आणि वृंदानं इतक्या वर्षांत शिकवलेल्या पोरींमध्ये जिला चेंडू कुठे जाणार हे चेंडूच्या आधी कळतं अशी ती एकटीच होती. गुरुदत्त ज्या कंपनीच्या ऑफिसात होता तिथंच तिचा बाप किसन ऑपरेटर होता. टेप त्यानं मेंटेनन्समधून मागून आणली होती आणि मैदानाच्या कडेला उकिडवा बसून, जीभ दातांत धरून, स्वतःच्या हातानं मुठीवर गुंडाळली होती, सुरकुतीसुद्धा पडू न देता. किसन संपात होता. चला, आता यानिमित्तानं तोही खेळेल, असं वृंदाच्या मनात आलं, आणि तिला हसू आलं.

दोघांतल्या एकानं मोळी सोडून एक स्टिक बाहेर काढली. दोन्ही हात एकाला एक चिकटवून, मुसळ धरावं तशी धरली आणि हवेत फिरवून पाहिली. वृंदाला राहवलं नाही. "अशी नाही हो धरायची," ती पुढे झाली. "डावा हात वर. उजवा खाली, मध्ये अंतर ठेवा. हं. आता वाका." तो वाकला नाही. तिच्याकडे बघून हसला. दात स्वच्छ होते. "अच्छा, मॅडम," तो म्हणाला. गुरुदत्तही हसला. तिनं आखलेला तो कागद तिनं गुरुदत्तच्या शर्टाच्या खिशात सरकवला. टेम्पो गेला. रिकाम्या खोलीत फक्कीचा वास तेवढा उरला. कुलूप लावताना तिला वाटलं, आपण काहीतरी विसरलोय. ती पुन्हा आत गेली. कोपऱ्यात चेंडूंची पिशवी होती. बारा चेंडू, सगळेच्या सगळे. कोणी मागितलेच नव्हते.

सोमवार गेला, मंगळवार गेला. "मॅच कधी आहे?" तिनं विचारलं. "टीम ठरायचीय," तो म्हणाला. चेंडूंचं ती बोलली नाही. बोलायला तोंड उघडलं की ती दुसरंच काहीतरी विचारायची, भात वाढू का वगैरे. तो वेळेवर घरी येत होता, मालिनीचा पाढा घेत होता, नखं कापत होता. सगळं नेहमीचं होतं आणि या नेहमीच्यातच कुठेतरी काहीतरी कुजल्याचा वास येत होता. एमआयडीसीतून वारा सुटला की अख्ख्या अंबरनाथला येतो तसाच. पहिली दहा मिनिटं घसा धरतो, मग माणूस विसरून जातो. बुधवारी ती मुलींच्या स्कर्टसाठी कापड बघायला कॅम्प तीनला गेली. दुकानदार म्हातारा सिंधी होता, ओळखीचा. तो गिऱ्हाइकाला मीटर मोजून देता देता कालच्या भांडणाची गोष्ट सांगत होता: "बस, दो हॉकी निकली, साईं, दो मिनट में गली साफ." गिऱ्हाईक हसलं. वृंदाच्या हातातला कापडाचा पदर तसाच राहिला. हे वाक्य तिनं याआधी शंभरदा ऐकलं होतं. रिक्षात, बाजारात, शाळेच्या स्टाफरूममध्येसुद्धा. हॉकी निकली. हॉकी चली. या गावात हॉकी निघते, चालते, डिकीत असते, सीटखाली असते. तिनं ते कधी स्वतःच्या हॉकीशी जोडलंच नव्हतं. एकाच नावाची दोन माणसं एका गल्लीत राहावीत आणि एकाचं पत्र कधीच दुसऱ्याच्या घरी जाऊ नये, तसं. "मैडम, कितना काटूँ?" दुकानदार विचारत होता. ती कापड न घेताच बाहेर पडली. रस्त्यात तिला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं: स्वच्छ दातांचा तो माणूस, आणि त्याचे हात नीट धरायला शिकवणारे आपले हात.

तेव्हाच काही करता आलं असतं. मुलींना ती नेहमी सांगे, चेंडू तुमच्यापर्यंत येईल तेव्हा हालाल तर उशीर झाला. सुटला की हला. बुधवारी संध्याकाळी ती गेटवर जाऊन किसनला सांगू शकली असती. निदान नवऱ्याला तोंडावर विचारू शकली असती. तिनं मालिनीला न्हाऊ घातलं, वेणी घातली, आमटीला फोडणी दिली. गुरुवारी सकाळी गुरुदत्त निघताना म्हणाला, "आज शाळा सुटली की थेट घरी ये. कंपनीच्या बाजूला फिरकू नकोस." तिनं बरं म्हटलं. दहाच्या सुमारास, चौथीच्या वर्गाची कवायत घेत असताना, लांबून कसलातरी गलका आला आणि थांबला. कावळे उठले. मुलांचे हात वर होते. पुढचा हुकूम द्यायला ती विसरली आणि चाळीस मुलं हात वर करून उभी राहिली, तिच्या तोंडाकडे बघत.

"थोडी बाचाबाची झाली," संध्याकाळी गुरुदत्त म्हणाला. "चार-दोघांना लागलं. उद्यापासून कंपनी चालू."

सोमवारी स्टिका परत आल्या. ती शाळेत पोचली तेव्हा शिपायानं त्या खोलीबाहेर भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. तिनं मोजल्या. सोळा. पुन्हा मोजल्या. मग एक हातात घेतली आणि तिच्या लक्षात आलं की ती धुतलेली आहे. हॉकीची स्टिक कोणी धूत नाही. लाकूड फुगतं, तंतू उभे राहतात, तळहाताला खरखर लागते. ती खरखर सोळाही स्टिकांना होती. फिनेलचा वास येत होता. पिवळ्या टेपची त्यांत नव्हती. संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "दोन कमी आहेत."

"तुटल्या असतील. खेळात तुटतात."

"कोण जिंकलं?"

त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. आठ वर्षांत त्यानं तिच्याकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं. "कंपनी," तो म्हणाला.

सराव सुरू झाला. मुलींनी स्टिका घेतल्या आणि कुरकुरल्या, बाई, हात सोलतोय. अंजनी तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी दुपारी वृंदा बदलापूरला गेली, तिथून शेअर रिक्षानं गावच्या फाट्यावर उतरली आणि बांधाबांधानं चालत गेली. दोन्हीकडे भात पिकून वाकलं होतं. घरापुढच्या अंगणात अंजनीची आई, बनूबाई, विळ्याला धार लावत बसली होती. अंजनी दारात उभी होती. "बाई आल्या," ती म्हणाली, पण पुढे झाली नाही.

"या बाई," बनूबाईनं पदरानं पाट पुसला. "पोर शालंत नाय आली म्हून आल्याव ना? कशी येल? भात उभा हाय शेतान, आन ह्यो असा पडलाय."

किसन पडवीत खाटेवर होता. उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये, डावं मनगट बांधलेलं. बाईंना बघून तो उठू लागला आणि दुखून परत टेकला. "तुमी कशाला तरास घेतलाव," तो म्हणाला. गुडघ्याची वाटी फुटली होती. डॉक्टर म्हणाले, पाय वाकणार नाही.

"काय झालं किसनभाऊ?" तिला विचारावंच लागलं.

"आमी बसलो व्हतो. चहा आल्ता. टेम्पो थांबला न मानसा उतरली, सगल्यांचे हातान हॉक्या." तो छपराकडे बघत सांगत होता. "खोटा नाय सांगत बाई, मना आदी वाटला का ही खेलाला चाल्लीत. मी बाजूला सरकलो. वाट दिली त्यांना." तो थोडा हसला. "मंग एकानं हॉकी वर उचलली. पार डोक्याचे वर. तवा मी वलखली ती. पिवली टेप. मीच गुंडालली ना."

बनूबाईचा विळा दगडावर थांबला होता.

"पोलीस आल्ते लिवून घेवाला," किसन म्हणाला. "मी टेपचा नाय बोललो. म्हटला, शालेचा नाव निंगल, बाईंना कुनी बोलल. शालंतना चोरल्या आसतील त्यांनी, नाय बाई?"

त्यानं तिला वाट करून दिली होती. परत एकदा बाजूला सरकून. वृंदाला फक्त मान हलवायची होती. ती मान हलली असती तर ती घरी गेली असती, आमटीला फोडणी दिली असती, पुढच्या वर्षी नव्या स्टिका मागवल्या असत्या. तिला दाराशी उभ्या अंजनीचे पाय दिसत होते. अनवाणी, नडगीवर मैदानाचा जुना डाग. त्या पायांकडून आवाज आला, अगदी हळू, "किल्ली बाईंकडं असते."

"चोरल्या नाहीत," वृंदा म्हणाली. "मी दिल्या. आमच्या ह्यांनी मागितल्या, खेळायला म्हणून. मी माझ्या हातानं टेम्पोत घातल्या."

किसननं डोळे मिटले. बनूबाई तिच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग शोधावा तर तोही सापडेना. "पोरीचे हातची काठी," बनूबाई एवढंच म्हणाली, स्वतःशीच, आणि पुन्हा विळा घासू लागली. अंजनी आत निघून गेली. मग किसन डोळे न उघडता म्हणाला, "जा बाई. रिक्षा चुकंल."

घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. गुरुदत्त मालिनीच्या वहीला कव्हर घालत होता. तिनं पर्स खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. कव्हरचा कोपरा दुमडून त्यानं नखानं घडी बसवली. "हे बघ," तो म्हणाला, "मालकांचा हुकूम होता. माणसं येणारच होती. त्यांच्याकडे तलवारी सापडल्या असत्या तर पोरं आत गेली असती आणि माझी नोकरीही. हॉकी सापडली तर काय? खेळाडू. आणि दुकानातून घेतल्या तर दुकानदार तोंड उघडतो. म्हणून मी तुला विचारलं. कोणी मरायला नको होतं. कोणी मेलं का?"

"किसनचा पाय गेला."

"किसनला मी आदल्याच दिवशी निरोप पाठवला होता, सुट्टी टाक, गावाला बस म्हणून. ऐकलं नाही."

तिला वाटलं होतं, त्याला माहीत नसावं. कोण कोण बसलंय, कोणाला लागणार, हे त्याला ठाऊक नसावं. त्यानं नावानिशी विचार केला होता. कव्हर घालतो तसा, कडा जुळवून. "मी उद्या पोलिसांत जाऊन सांगणार आहे," ती म्हणाली.

"जा," तो म्हणाला. पेपर वाचता वाचता एकदा म्हणाला होता, अगदी तसंच. मग वही बाजूला ठेवून त्यानं पुढे जोडलं, "किल्ली तुझी. खोली तुझी. कशी धरायची ते तू शिकवलंस, दोन माणसांसमोर. नीट विचार कर."

रात्रभर तिनं तेच केलं. विचार करता करता एक जुनी गोष्ट वर आली. महाराष्ट्राकडून खेळताना एका सामन्यात चेंडू तिच्या पायाला लागून बाहेर गेला होता आणि पंचांना ते दिसलं नव्हतं. ती गप्प राहिली. त्या चढाईत तिच्या संघानं गोल केला, सामना जिंकला. कुणालाही कळलं नाही. पण पुढे कित्येक महिने मैदानात उतरताना त्या पावलावर तेवढी जागा थंड लागायची. हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. आता तिला समजलं की शिबिराला न जाण्यात गुरुदत्तच्या उदासीनपणाचा वाटा होताच, पण त्या थंड जागेचाही थोडा होता. आपण त्या लायकीच्या नाही, हे तिनंच कधीतरी ठरवून टाकलं होतं आणि खापर फोडायला नवरा आयता मिळाला होता.

सकाळी मालिनीला शाळेत सोडून ती चौकीत गेली. हवालदार वयस्क होता, चष्मा नाकावर उतरलेला. त्यानं कागद ओढला, खाली कार्बन घातला. "नाव? पूर्ण सांगा."

"वृंदा गुरुदत्त फणसे."

त्यानं लिहून घेतलं. वय, धंदा, पत्ता. ती सांगत गेली. रविवार, टेम्पो, अठरा स्टिका, आकडे, पिवळी टेप. तो फक्त एकदा थांबला. "बरं, नेल्या कोणी? नाव सांगा."

"गुरुदत्त फणसे."

हवालदारानं लेखणी उचलली आणि वर, कागदाच्या पहिल्या ओळीकडे पाहिलं. मग चष्म्यावरून तिच्याकडे. "बाई, हवं तर घरी जाऊन या. दुपारी सही करा. मी आहे इथंच."

"लिहा," ती म्हणाली. "घरी माहीत आहे."

सही करून ती बाहेर आली तेव्हा बारा वाजून गेले होते. रस्त्यापलीकडे गुरुदत्त स्कूटरला टेकून उभा होता. ऑफिसचे कपडे, खिशाला पेन. तो कधीपासून उभा होता कोण जाणे. ती जवळ येईपर्यंत तो थांबला.

"दिलंस लिहून?"

"हो."

"बरं." त्यानं किक मारली. आवाज चढला नाही, चेहरा बदलला नाही. "मी मालिनीला घेऊन कॅम्प पाचला जातो, आईकडे. काही दिवस तिथं राहील ती. आता आपल्या घरी कोण कोण येईल सांगता येत नाही. मालकांची माणसं काही मला विचारून येत नाहीत. ते टेम्पोतले दोघे, त्यांना तुझी शाळा माहीत आहे." आणि जणू बाजारातून काही आणायचं का विचारावं तसं म्हणाला, "तू तुझं बघ."

स्कूटर रेल्वे फाटकाच्या दिशेनं वळली. मालिनीची शाळा रुळांच्या पलीकडे होती, सुटायला पंधरा मिनिटं. वृंदानं पदर खोचला आणि ती धावायला लागली. छत्तीस वर्षांची मास्तरीण भर दुपारी रस्त्यातून धावते आहे म्हणून लोक वळून बघत होते, एक केळीवाली ओरडली, काय झालं गो बाई. तिला काही ऐकू येत नव्हतं. पायांना मात्र सगळं आठवत होतं, कुठे आत वळायचं, कुठे वेग राखायचा, कोणाच्या डाव्या अंगानं निसटायचं. चपला कुठे सुटल्या ते तिला कळलं नाही. फाटक पडत होतं. रिक्षा, हातगाड्या, एक पाण्याचा टँकर आणि त्यांच्यामध्ये मान ताणून बसलेला गुरुदत्त. त्यानं तिला पाहिलं. ती कमरेत वाकली, दांडीखालून गेली, खडीवरून, पहिला रूळ, दुसरा. कोणीतरी शिवी घातली. ती पलीकडे पोचली आणि मागून मालगाडी आली, लांबच लांब, डबे मोजवणार नाहीत इतकी.

मुलं सुटत होती. मालिनी नेहमीप्रमाणे शेवटी आली, दप्तर फरफटत. आईकडे बघून थांबली. "आई, तुझ्या चपला कुठंयत? पायातनं रक्त येतंय."

"चल," वृंदा म्हणाली. तिनं दप्तर खांद्याला लावलं आणि पोरीचा हात धरला. सांगण्यासारखा एकही पत्ता तिच्याकडे नव्हता. खडकीला आई एकटी होती, तिथवर पोचायला हवं, आणि तिथंही किती दिवस? बोट घट्ट दाबलं गेलं तशी मालिनी कळवळली, पण काही बोलली नाही. आईच्या तोंडाकडे बघत ती चालू लागली. मालगाडीचा खडखडाट हळूहळू विरला. मग फाटक उघडल्याची घंटा झाली, आणि पलीकडे इतका वेळ अडकून पडलेली सगळी वाहनं एकदम सुरू झाली.